खिशातला मोबाइल, डब्यातलं मीठ आणि किरणांचा हिशोब

(इयत्ता आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी)

आठवीला 'अणूचे अंतरंग' शिकवताना समस्थानिकं येतात, त्यांचे उपयोग येतात, अणुभट्टीही येते. तेव्हा वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, अणुभट्टीत अपघात झाला तर आपल्याला कळणार कसं?" कोबाल्ट-६० कर्करोगाच्या उपचारात वापरतात, एवढं सांगून आपण पुढे जातो आणि हा प्रश्न तसाच राहतो.

खरं म्हणजे या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. किरणं आहेत की नाहीत, हा पहिला. त्याचं उत्तर गायगर काउंटर लगेच देतो. दुसरा प्रश्न अवघड आहे. अपघात होऊन गेला, किरणांचा उगमही तिथून हलवला. आता कालपर्यंत तिथे असलेल्या माणसाच्या अंगावर किती किरणं पडली, हे कसं सांगायचं? मोजायला तिथे काहीच शिल्लक नाही आणि त्या माणसाने अंगावर मोजणी करणारा बिल्लाही लावलेला नव्हता.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाच्या खिशात, मनगटावर किंवा स्वयंपाकघरात सापडू शकतं. ते कसं, हे आज समजून घेऊ. एका तासिकेत शिकवता येईल असा हा विषय आहे आणि त्यात भौतिकशास्त्र, गणित आणि नागरिकशास्त्र तिन्ही येतात.

१. आकडा कशासाठी हवा?

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरातली १९८७ ची घटना मुलांना जरूर सांगा. एक खासगी उपचारकेंद्र दुसरीकडे हललं, पण उपचाराचं जुनं यंत्र मागेच राहिलं. त्यात सीझियम-१३७ होतं. १३ सप्टेंबरला दोघांनी भंगार म्हणून त्या यंत्राचा भाग काढून नेला आणि तो पुढे भंगारवाल्याकडे गेला. डबी फुटल्यावर आतली पूड अंधारात निळी चमकते, हे लोकांनी पाहिलं. कुणी ती घरी नेली, कुणी नातेवाइकांना वाटली, मुलं तिच्याशी खेळली. लोक आजारी पडू लागले तेव्हा डॉक्टरांना सुरुवातीला तो दुसराच एखादा आजार वाटला. खरं कारण २९ सप्टेंबरला कळलं. म्हणजे दोन आठवडे कुणी काहीच मोजलेलं नव्हतं.

पुढे काय झालं ते बघा. घाबरलेले लोक तपासणीसाठी येऊ लागले आणि सुमारे १,१२,००० जणांची तपासणी झाली. त्यांपैकी अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी पदार्थ सापडलेले लोक होते २४९. चौघांचा मृत्यू झाला. भीती मात्र आकड्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. गोयानियाहून आलेल्यांना बाहेरगावी हॉटेलात खोली मिळेना. मरण पावलेल्या लहान मुलीच्या अंत्यविधीला लोकांनी दगडफेक केली.

म्हणून आकडा दोन कामांसाठी लागतो. ज्यांना खरोखर जास्त किरणं लागली आहेत त्यांना वेळेत वेगळं काढून उपचार द्यायचे. आणि बाकीच्या हजारो लोकांना "तुम्हाला उपचारांची गरज नाही, घरी जा" हे पुराव्यानिशी सांगायचं. दुसरं कामही पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. ते झालं नाही तर रुग्णालयं निरोगी लोकांनीच भरून जातात आणि खऱ्या रुग्णाला खाट मिळत नाही.

२. आधी एक गोंधळ दूर करू : ऊन आणि गुलाल

"किरणं लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही लागतील ना?" हा गैरसमज मोठ्यांमध्येसुद्धा आहे. त्यासाठी आपल्या घरचंच उदाहरण पुरेसं आहे.

तुम्ही उन्हात उभे राहता. अंग तापतं, कातडी रापते. सावलीत आलात की ऊन संपलं. तुम्हाला मिठी मारणाऱ्याला ऊन लागत नाही. बाहेरच्या उगमातून गॅमा किरण अंगावर पडणं हे असं आहे. शरीराला इजा होऊ शकते, पण तो माणूस स्वतः किरणं सोडत नाही.

आता गणपतीची मिरवणूक आठवा. गुलाल केसांत, कपड्यांवर, कानात बसतो. घरी आलात की तो उंबऱ्याला, टॉवेलला, लहान बाळाच्या गालाला लागतो. किरणोत्सारी पूड अंगावर बसणं हे असं आहे. इथे कपडे बदलणं आणि आंघोळ करणं हा पहिला उपाय.

गोयानियात दोन्ही झालं होतं. आपण आज ज्या मोजणीबद्दल बोलतोय ती मुख्यतः 'उन्हाची' आहे : बाहेरून किती किरणं अंगावर पडून गेली?

मोजण्याचं एककही मुलांना सांगून ठेवा. पदार्थाच्या दर किलोग्रॅममध्ये किरणांनी किती ऊर्जा सोडली त्यावरून मात्रा ठरते. एका किलोत एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. त्याचा हजारावा भाग मिलिग्रे. शरीरावरच्या परिणामासाठी सिव्हर्ट हे एकक वापरतात. गॅमा किरणांसाठी एक ग्रे आणि एक सिव्हर्ट साधारण सारखेच धरता येतात.

फळ्यावर हे चार आकडे लिहा :

• निसर्गातून आपल्या सगळ्यांना मिळणारी किरणं : जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट
• सर्वसामान्य नागरिकासाठी त्याव्यतिरिक्त ठरवलेली मर्यादा : वर्षाला १ मिलिसिव्हर्ट
• थोड्या वेळात संपूर्ण शरीराला लागली तर तीव्र आजार होऊ शकतो अशी मात्रा : सुमारे १ ग्रे आणि पुढे
• उपचार न मिळाल्यास निम्मे लोक दगावू शकतात अशी मात्रा : साधारण ३.५ ते ४ ग्रे

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात किती पटींचा फरक आहे, हे मुलांना काढू द्या. चारशे पटींहून जास्त येतो. आकडा कळल्याशिवाय भीती बाळगण्यात अर्थ का नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगतं.

३. वस्तूला आठवण कशी राहते?

लहानपणीचा मातीचा गल्ला आठवतोय? वरच्या फटीतून नाणी टाकायची. आत किती जमलं ते बाहेरून दिसत नाही. मोजायचं तर गल्ला फोडायचा. एकदा फोडला की जमा शून्य.

काही स्फटिक अगदी असेच असतात. स्फटिकाच्या रचनेत कुठे एखादा अणू जागेवर नसतो, कुठे दुसऱ्याच मूलद्रव्याचा अणू घुसलेला असतो. अशा उणिवांच्या जागी ऊर्जेचे खड्डे तयार होतात. गॅमा किरण स्फटिकातून जाताना इलेक्ट्रॉन मोकळे करतो. बरेचसे इलेक्ट्रॉन लगेच परत जागेवर येतात, पण काही या खड्ड्यांत अडकतात आणि तिथेच बसून राहतात. जितकी किरणं जास्त, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. गल्ल्यात नाणी पडत गेली म्हणा ना!

मोजायचं असेल तेव्हा या इलेक्ट्रॉनना खड्ड्यातून बाहेर पडायला ऊर्जा द्यावी लागते. त्याच्या दोन रीती आहेत. एक, स्फटिक तापवायचा. दुसरी, त्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकायचा. बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन आपल्या जागी परतताना अगदी मंद प्रकाश देतात. तो संवेदनशील यंत्राने मोजायचा. प्रकाश जितका जास्त, तितकी मात्रा जास्त. आणि मोजून झालं की गल्ला रिकामा. तीच मोजणी पुन्हा करता येत नाही.

ही घटना काही नवी नाही. हिरा अंगाच्या उबेने अंधारात मंद चमकतो, हे रॉबर्ट बॉईल यांनी १६६३ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. दाब आणि आकारमानाच्या नियमामुळे मुलांना त्यांचं नाव माहीत असतं, तेव्हा ही गंमत नक्की सांगा. उत्खननात सापडलेल्या खापरांचं वय काढतानाही हेच तत्त्व वापरतात. भट्टीत भांडं भाजताना जुना गल्ला रिकामा होतो आणि त्यानंतर मातीतल्या नैसर्गिक किरणांनी तो पुन्हा भरू लागतो.

आपल्या ओळखीत कुणी एक्स-रे विभागात काम करत असेल, तर त्यांच्या छातीवरचा बिल्ला पाहिला असेल. आपल्याकडच्या या टीएलडी बिल्ल्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीप्रमाणे कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात आणि त्यात डिस्प्रोसियम हे मूलद्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असतं. ठरावीक काळाने बिल्ला प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवतात आणि प्रकाश मोजतात. म्हणजे हा मुद्दाम बनवलेला गल्ला. प्रश्न उरतो तो बिल्ला न लावणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांचा.

४. न ठरवता बनलेले गल्ले

कौलं आणि विटा. जपानमध्ये हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला. तेव्हा कुणाच्याही अंगावर बिल्ला नव्हता. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी तिथल्या घरांवरची कौलं घेऊन तापवली आणि त्यातून येणारा प्रकाश मोजला. १९६३ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. कौल भट्टीत भाजलेलं, म्हणजे त्याचा हिशोब भट्टीतून निघाल्यावर शून्यापासून सुरू झालेला. अशा मोजण्यांमुळे स्फोटाच्या ठिकाणापासून किती अंतरावर किती किरणं पोहोचली, याची गणितं तपासता आली.

मोबाइल. कौल घराचं असतं, मोबाइल माणसाचा असतो. आणि तो दिवसभर अंगाजवळ असतो. मोबाइलच्या आत सर्किटवर जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे रेझिस्टर बसवलेले असतात. त्यांचा पाया अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा असतो. हा पदार्थ वरच्या गल्ल्याचं काम उत्तम करतो. शिवाय मोबाइलच्या बंद कवचात त्याला उजेड लागत नाही, त्यामुळे जमा टिकते. प्रयोगशाळेत अंधूक लाल प्रकाशात मोबाइल उघडून काही रेझिस्टर काढतात, त्यांच्यावर निळा प्रकाश टाकतात आणि त्यातून येणारा मंद प्रकाश मोजतात. मोबाइल अर्थातच कामातून जातो. गल्ला फोडल्याशिवाय नाणी मिळत नाहीत! युरोपात २०१० ते २०१३ या काळात झालेल्या मल्टिबायोडोस प्रकल्पात, मोठ्या अपघातानंतर लोकांची झटपट वर्गवारी करण्यासाठी ज्या पद्धती तपासल्या गेल्या, त्यांत मोबाइलचे भाग होते.

पडद्याची आणि घड्याळाची काच. काच तापवूनही मोजणी करता येते. पण काच रेझिस्टरइतकी संवेदनशील नसते आणि तिला सतत उजेड लागत असतो. त्यामुळे मोठी मात्राच त्यात नीट दिसते.

चिपवालं कार्ड. एटीएम कार्डावरची सोनेरी चौकट मुलांना दाखवा. तिच्या मागे असलेली चिप एका राळेसारख्या पदार्थात बंद केलेली असते. अनेक कार्डांत त्या राळेत सिलिकाचे कण असतात, आणि तेही इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. सिमकार्डाचंही तसंच.

मीठ. स्वयंपाकघरातलं साधं मीठ या बाबतीत फार संवेदनशील आहे. मिसळणाच्या स्टीलच्या डब्यात ते अंधारातच असतं. मोजणीला अगदी चिमूटभर पुरतं. मात्र मीठ स्वयंपाकघराची मात्रा सांगतं, माणसाची नाही. माणूस त्या वेळी शेतावर असेल तर?

दात. दात काही वस्तू नाही, पण यादीत हवाच. दाताच्या एनॅमलमध्ये किरणांनी केलेले बदल अतिशय दीर्घकाळ टिकतात आणि चुंबकीय पद्धतीने मोजता येतात. इतर कारणांनी काढलेला दात किंवा पडलेला दुधाचा दात त्यासाठी चालतो. रशियात मायाक अणुकेंद्राने तेचा नदीत किरणोत्सारी सांडपाणी सोडलं होतं. त्या नदीकाठच्या रहिवाशांच्या मात्रा काढताना दातांचा आणि जुन्या घरांच्या विटांचा उपयोग झाला.

५. पाच येनचं नाणं

वरच्या सगळ्या उदाहरणांत मोबाइल किंवा मीठ स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे मुलांकडून पुन्हा वदवून घ्या. एक प्रकार मात्र वेगळा आहे. न्यूट्रॉनचा मारा झाला तर साध्या वस्तूतले काही अणू स्वतः किरणोत्सारी बनतात.

जपानमधल्या तोकाईमुरा इथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी अणुइंधन तयार करणाऱ्या कारखान्यात ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त युरेनियमचं द्रावण एकाच टाकीत ओतलं गेलं आणि तिथेच साखळी अभिक्रिया सुरू झाली. ती सुमारे २० तास चालू-बंद होत राहिली. तीन कामगारांना प्रचंड मात्रा लागली, त्यांतले दोघे पुढे मरण पावले. आसपास घरं होती आणि न्यूट्रॉन भिंतींमधून बाहेर गेले होते.

शास्त्रज्ञांनी आजूबाजूच्या घरांमधून पाच येनची नाणी गोळा केली. हे भोकाचं नाणं पितळेचं, म्हणजे तांबं आणि जस्ताचं असतं. जस्त-६४ ने एक न्यूट्रॉन पकडला की ते जस्त-६५ होतं. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे २४४ दिवसांचा आहे, म्हणजे मोजायला भरपूर वेळ मिळतो. कोणत्या घरातल्या नाण्यात किती जस्त-६५ तयार झालं, यावरून त्या घरापर्यंत किती न्यूट्रॉन पोहोचले हे कळलं. घरातल्या सोन्याच्या दागिन्यांवरूनही अशीच मोजणी झाली. कामगारांच्या रक्तातलं सोडियमसुद्धा न्यूट्रॉनमुळे सोडियम-२४ बनलं होतं, पण त्याचा अर्धायुष्यकाल १५ तासांचाच. तिथे घाई करावी लागते.

समस्थानिकं आणि अर्धायुष्यकाल शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही. वस्तुमानांक एकाने वाढतो, अणुअंक तसाच राहतो. मुलांना समीकरण लिहायला लावा.

६. फळ्यावरचं गणित

खालचे आकडे वर्गासाठी सोपे करून घेतलेले आहेत, पद्धत मात्र खरी आहे.

अपघातानंतर काही दिवसांनी एका माणसाचा मोबाइल प्रयोगशाळेत आला. रेझिस्टरमधून प्रकाशाचे २,७०० ठिपके मोजले गेले. आता २,७०० म्हणजे किती ग्रे? हे ठरवायला त्याच रेझिस्टरना प्रयोगशाळेत मुद्दाम १ ग्रे मात्रा देतात आणि पुन्हा मोजतात. या वेळी ३,००० ठिपके आले.

पायरी १ : २,७०० ÷ ३,००० = ०.९ ग्रे.

मुलं इथेच थांबतात. पण आपला गल्ला थोडा गळका आहे! अ‍ॅल्युमिनातले काही इलेक्ट्रॉन अंधारातही आपोआप निसटत राहतात. म्हणून अपघाताची तारीख माहीत असणं गरजेचं. समजा, एवढ्या दिवसांत मूळ जमेपैकी ६० टक्केच शिल्लक राहते, असं प्रयोगशाळेला आधीच्या चाचण्यांतून माहीत आहे.

पायरी २ : ०.९ ÷ ०.६ = १.५ ग्रे.

पायरी ३ : मोबाइल तीन वर्षं जुना आहे. निसर्गातून वर्षाला साधारण १ मिलिग्रे धरले तर ३ मिलिग्रे, म्हणजे ०.००३ ग्रे. १.५ मधून वजा केले तरी फरक पडत नाही.

आता विचारा : पायरी २ विसरलो असतो तर काय झालं असतं? मोठ्या अपघातात साधारण तीन गट करतात : १ ग्रेपेक्षा कमी, १ ते २ ग्रे, आणि २ ग्रेपेक्षा जास्त. ०.९ धरून या माणसाला आपण पहिल्या गटात, म्हणजे घरी पाठवलं असतं. १.५ धरल्यावर तो दुसऱ्या गटात जातो आणि त्याच्या रक्तपेशींवर काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं. टक्केवारीचं साधं गणित चुकलं, तर एका माणसाचे उपचार चुकतात. "सर, हे गणित शिकून काय उपयोग?" असं विचारणाऱ्यासाठी हे उदाहरण राखून ठेवा.

७. या पद्धतीला काय जमत नाही?

चांगला धडा मर्यादाही सांगतो. इथे मुख्य मर्यादा तीन.

पहिली, मोबाइल मोबाइलची मात्रा सांगतो. तो मागच्या खिशात असेल आणि किरणं समोरून आली असतील, तर मधल्या शरीराने काही किरणं अडवलेली असतात. म्हणून मोबाइल कुठे होता, माणूस कुठे आणि किती वेळ उभा होता, हे विचारावंच लागतं. मोबाइल चार्जिंगला लावून माणूस बाहेर गेला असेल तर त्या मोबाइलची साक्ष कामाची नाही.

दुसरी, ती डॉक्टरांची जागा घेत नाही. उलट्या कधी सुरू झाल्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती वेगाने घटल्या, हे बघावंच लागतं. रक्तपेशींमधली तुटून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रं मोजणं ही जुनी आणि विश्वासाची पद्धत आहे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलमध्ये आग विझवायला गेलेल्यांची मात्रा मुख्यतः अशा रक्तावरच्या परिणामांवरूनच ठरवली गेली. पण पेशी प्रयोगशाळेत वाढवायलाच सुमारे दोन दिवस लागतात आणि मोजायला तज्ज्ञ लागतात. हजारो लोक दारात उभे असतील तेव्हा वस्तूंवरची मोजणी पहिली चाळणी म्हणून उपयोगी पडते.

तिसरी, हे घरी करता येत नाही. कुठल्याही अ‍ॅपने रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन मोजता येत नाहीत. आणि हो, मोबाइल स्वतः ज्या लहरी सोडतो त्यांचा या विषयाशी संबंध नाही. त्या रेडिओ लहरी आहेत, अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते.

८. वर्गात करा : 'रेडियम'चा प्रयोग

अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांच्या स्टिकरला आपल्याकडे सर्रास 'रेडियम' म्हणतात. त्यात रेडियम नसतं, हे आधी सांगा. गाडीवरच्या चकाकणाऱ्या पट्टीलाही रेडियम म्हणतात. ती तर नुसता दिव्याचा प्रकाश परत फेकते.

साहित्य : एकाच चांदणीचे दोन तुकडे, दोन पारदर्शक पिशव्या, एका वाटीत गरम पाणी, दुसरीत बर्फाचं पाणी, टॉर्च, अंधारी खोली. गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं.

कृती : दोन्ही तुकड्यांवर सारखाच वेळ, म्हणजे एक मिनिट, टॉर्चचा प्रकाश पाडा. तुकडे पिशव्यांत घालून लगेच एक गरम पाण्यात आणि दुसरा बर्फाच्या पाण्यात ठेवा. खोलीत अंधार करा.

काय दिसतं : गरम पाण्यातला तुकडा जास्त उजळ दिसतो, पण लवकर मंदावतो. थंड पाण्यातला फिका राहतो. पाचेक मिनिटांनी थंड तुकडा काढून गरम पाण्यात घाला. तो पुन्हा उजळतो! साठवलेली ऊर्जा आतच होती, उष्णतेने तिला बाहेर काढलं.

फरकही सांगा. चांदणीचा गल्ला साध्या प्रकाशाने भरतो आणि थोड्या वेळात गळतो. अ‍ॅल्युमिनाचा गल्ला गॅमा किरणांनी भरतो, बराच हळू गळतो आणि प्रकाश पडला की रिकामा होतो.

९. घरी सांगण्यासारखं

पालकहो, हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर दिल्लीचं मायापुरी आठवा. २०१० साली एका विद्यापीठातलं, बरीच वर्षं न वापरलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडताना आतल्या कोबाल्टच्या कांड्या बाहेर आल्या. माणसं आजारी पडली, एप्रिलमध्ये कारण उघड झालं, एकाचा मृत्यू झाला. ते हाताळणाऱ्यांना धातूचे तुकडे दिसत होते, धोका दिसत नव्हता. म्हणून मुलांना तीन गोष्टी सांगून ठेवा.

• पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह ओळखा. २००७ पासून धोकादायक उगमांसाठी लाल त्रिकोणातलं आणखी एक चिन्ह आलं आहे : किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. दोन्ही चिन्हं वहीत काढून घ्या.
• भंगारात, रस्त्यावर किंवा बंद पडलेल्या इमारतीत सापडलेली चमकणारी पूड किंवा विनाकारण जड लागणारी धातूची डबी उचलू नका, खिशात घालू नका. लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा. मोठ्यांनी पोलिसांना कळवावं.
• असा प्रसंग आलाच, तर कपडे बदला, आंघोळ करा आणि काढलेले कपडे पिशवीत बंद करून ठेवा. मोबाइल, घड्याळ, कार्ड फेकून देऊ नका, उघडू नका, उन्हात ठेवू नका. वेगळ्या पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि त्या वेळी ते अंगावर कुठे होतं हे कागदावर लिहा. पथकातले लोक त्यावर पूड बसली आहे का हे आधी तपासतील, आणि गरज पडली तर मोजणीसाठी नेतील.

१०. मुलांना विचारा

१. मिठाचा डबा काचेचा आणि खिडकीत ठेवलेला असेल, तर मोजणीत काय चूक येईल? मात्रा खऱ्यापेक्षा जास्त दिसेल की कमी?
२. हिरोशिमाचं कौल शंभर वर्षं जुनं असेल, तर नैसर्गिक किरणांची वजाबाकी का करावी लागेल? मोबाइलच्या बाबतीत ती का सोडून देता येते?
३. पाच येनच्या नाण्यात आज १०० एकक जस्त-६५ आहे. ४८८ दिवसांनी किती उरेल?
४. एका कुटुंबातल्या चौघांपैकी दोघांचेच मोबाइल सापडले. इतर दोघांची मात्रा ठरवायला तुम्ही त्यांना कोणते प्रश्न विचाराल?
५. एखाद्या गावातले लोक अपघातानंतर तुमच्या गावात आले आणि तपासणीत त्यांच्या अंगावर काहीही सापडलं नाही. दुकानदार त्यांना सामान द्यायला घाबरतो. ऊन आणि गुलालाचं उदाहरण वापरून त्याला समजावणारं पाच-सहा ओळींचं पत्र लिहा.

पाचवा प्रश्न गृहपाठाला द्या आणि पत्र घरी मोठ्याने वाचायला सांगा. चांदणीचा प्रयोग तुमच्या वर्गात कसा झाला आणि मुलांनी काय नवीन विचारलं, ते नक्की कळवा.